इवायांचं पहिलं ‘नको’

आमच्या इवायांच्या तोंडून पहिल्या फटक्यात ‘हो’ ऐकलेला माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. इवाई म्हणजे व्याही; माझ्या लेकीचे सासरे. मी नांदेडचा, ते लातूरचे. लेकीचं स्थळ घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा म्हणाले, “छे छे, पोराला इतक्यात न्हाई करायचं.” दुसऱ्यांदा गेलो तर, “बघू की, घाई काय हाय?” तिसऱ्या खेपेला मी चहाची बशी खाली ठेवायच्या आत त्यांनी सुपारी फोडायचा दिवसच सांगितला आणि वर मलाच टोमणा, “लई दिवस लावले तुमी. पोरगं म्हातारं व्हायची येळ आली.” पंगतीत तर त्यांना बघावंच. वाढपी जिलेबी घेऊन आला की दोन्ही हात पानावर आडवे धरून ते “नको नको” म्हणून असे ओरडत, जणू कुणी विषच वाढतंय. पण हात नेमके भाताच्या बाजूला, जिलेबीची जागा मोकळी.

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे लातुरात त्यांचं काही अडत नसे. ज्या वर्षी दुष्काळानं नळ कोरडे पडले आणि लोक घागरी घेऊन टँकरमागं धावू लागले, त्या वर्षी शेजारचा बोअरवाला विचारायचा, “काका, दोन घागरी टाकू का?” घरात तांब्याभर पाणी नसलं तरी हे म्हणायचे, “कशाला? हाय की.” शेजारी तरी ड्रम भरून जायचा. “आता भरलंच हाय तर ऱ्हाऊ द्या,” म्हणत हे वर झाकण ठेवायचे. मी चिडवायचो, “तुमच्या नव्या जिल्ह्यात पाण्यापेक्षा आग्रहच जास्त.” लातूर वेगळा जिल्हा होऊन तीसेक वर्षं उलटली होती, तरी मी त्याला नवाच म्हणायचो आणि ते दर वेळी नव्यानं चिडायचे.

त्याच वर्षी डिसेंबरात मी आणि इवाई कॅनडाला पोरांकडे निघालो. लेक-जावयाला नाताळची सुट्टी होती. आमच्या मंडळींचे गुडघे विमानाला तयार नव्हते, आणि इवाई तर बायको गेल्यापासून एकटेच होते. मुक्काम सहा आठवड्यांचा, पण त्यांनी भिंतीवरचा बायकोचा फोटो उतरवून बॅगेत घातला होता. सहा आठवड्यांसाठी कुणी फोटो उतरवतं का? त्यांच्या मनात लेकाजवळ कायमचं राहायचं होतं, हे मला तिथंच कळलं. फक्त लेकानं तसं म्हणायला हवं होतं. आपल्या तोंडानं ‘मला ठेवून घे’ म्हणणारा बाप आमच्याकडे अजून जन्मायचाय.

पहिला दणका विमानातच बसला. हवाईसुंदरीनं ब्लँकेट हवं का विचारलं, हे “नो नो” म्हणाले, आणि ती गोड हसून पुढं गेली. इवाई तिच्या पाठीकडे बघतच राहिले. “गेली की हो! एकदाच इच्यारून गेली! आईबापानं काई शिकवलं न्हाई का?” आणि उरलेला प्रवास त्यांनी माझ्या अर्ध्या ब्लँकेटात काढला. नाताळाच्या दिवशी लेकीच्या शेजारच्या म्हातारबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत टेबलावर भाजलेले बटाटे, मटार, गरम पाव, सुक्या मेव्याचा केक. भांडं हातोहात फिरत यायचं, इवाई छातीवर हात ठेवून “नो, थँक्यू” म्हणायचे, आणि भांडं बिनबोभाट पुढं सरकायचं. केकसुद्धा तसाच गेला. परतताना बर्फ तुडवत मला म्हणाले, “बाई लई मोठ्या मनाची हाय, पर पाव्हण्याला उपाशी मारून ऱ्हायली.” घरी येऊन त्यांनी माझ्या लेकीच्या हातची धपाटी दह्याशी हाणली, तीही तिनं तीनदा म्हटल्यावर. नांदेडची पोर, तिला हा कायदा पाठ होता.

त्याचा सूड म्हणा की उपकार, नव्या वर्षाला त्यांनी म्हातारबाईंना जेवायला बोलावलं आणि स्वतः वाढायला उभे राहिले. दुसऱ्या धपाट्याला बाई नको म्हणाल्या, तरी ताटात पडलं. तिसऱ्याला त्यांनी ताटावर हात धरला; इवायांनी बाजूनं सरकवलं. वर शेंगदाण्याच्या तिखट चटणीचा गोळा. बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “बगा, कसं भरून आलं बाईला,” इवाई मला कोपर मारत म्हणाले. पुढं एक-दोन दिवस बाईंच्या खिडकीचा पडदा उघडला नाही. शेवटी लेक मऊ भात घेऊन गेली आणि माफी मागून आली.

आणि मग एकदा सकाळच्या चहाला जावई म्हणाला, “बाबा, तिकडं एकटे कशाला राहता? इथंच राहा. व्हिसाचं मी बघतो.” माझा जीव भांड्यात पडला. इवाई चहावर फुंकर घालत म्हणाले, “छे रे, आपल्याला न्हाई जमायचं. हितं बर्फात काय करू?” म्हणजे पहिलं ‘नको’ रीतसर झालं. आता दुसरं, तिसरं, की काम फत्ते! पण पोरगं कैक वर्षं त्या देशात राहिलेलं. त्यानं मान हलवली आणि विषय संपवला.

मी त्याला एकटा गाठला. “अरे, परत विचार. तुझ्या बापाचं पहिलं नको धरायचं नसतं.”

“मामा, ते नाही म्हणालेत ना? मी फार म्हटलं तर माझ्यासाठी मन मारून राहतील. तसं ठेवून घेणं मला नकोय.” बापाचा मान त्यानं त्याच्या परीनं राखलाच होता. याला कोणत्या तोंडानं रागवायचं? लेकीनं सासऱ्यांना म्हणून बघितलं, मीही म्हणून बघितलं. इवाई माझ्यावरच उसळले, “तुमच्या म्हणण्यानं कसं ऱ्हाऊ? घर तुमचं हाय का? ज्याचं हाय त्यानं म्हणावं की!”

विमानतळावर त्यांनी वेळ काढायची एकही युक्ती सोडली नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, पाणी प्यायले, परत जाऊन आणखी पाणी प्यायले, टोपी काढून झटकली. मी जावयाला मागून ढोसत होतो. त्यानं वाकून बापाच्या पायांना हात लावला, घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, “तुमच्या मनाविरुद्ध नाही ठेवणार मी, बाबा.”

“हाव, हाव, बराबर हाय,” इवाई म्हणाले आणि माझ्या आधी आत चालू लागले.

विमान उठलं. खाली सगळं पांढरं होतं. बराच वेळ ते काचेला कपाळ लावून बसले होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “इवाई, पोरगं लई सुधारलं बगा. ल्हानपणी धा बार सांगितलं तरी आईकायचं न्हाई. आता एका शब्दात आईकलं.”

आणि हसले. मला मात्र त्या दिवशी त्यांची थट्टा करवली नाही.