दगडावरचा कर्ता

जर्मनीतल्या कोलोनहून निघालेली गाडी वाटेत एका स्टेशनावर दुभंगते. पुढचे डबे आयफेलच्या डोंगराकडे जातात, मागचे भलतीकडे. आम्ही मागे बसलो होतो.

सोबत माझी मैत्रीण मुग्धा होती. ती कोलोनला इंग्लंडमधल्या चेटूक-खटल्यांवर पीएचडी करते. तिच्या सासूबाई सुलभाताई, नाशिकच्या निवृत्त मराठी शिक्षिका, सुट्टीला आल्या होत्या. मागे फिरून दुसरी गाडी पकडेपर्यंत, डब्यावरची पाटी वाचायला पीएचडी लागत नाही, असे त्यांनी सुनेला सुनावले.

गाव उतारावर वसलेले. स्लेटची काळी छपरे, मधोमध चौक. दुकानांत झाडूवर बसलेल्या हसऱ्या चेटकिणींच्या बाहुल्या टांगलेल्या. याच चौकात कधीकाळी बायका जाळल्या होत्या. त्यांच्यासाठी आता स्मारकशिला बसणार होती. तिच्यावरचा मजकूर त्या संध्याकाळी गावसभेत मंजूर व्हायचा होता, आणि त्याआधी मुग्धाने इंग्लंडची हकीकत सांगायची होती.

दुपारी राइबेकूखन (किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन) खाल्ले. ते सफरचंदाच्या गोड गरासोबत देतात. सुलभाताईंनी पर्समधून लसणीची चटणी काढली. खाता खाता मुग्धाने मजकुराचा मराठी अर्थ सांगितला: ‘चेटकिणी म्हणून जाळल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ.’

“जाळल्या गेल्या,” सुलभाताई म्हणाल्या. “कर्ता कुठंय?”

“अहो आई, जर्मनमध्येही असंच लिहितात.”

“मग जर्मनमध्येही विचार.”

मुग्धाने घास खाली ठेवला. मजकुरावर मत द्यायला तिला बोलावलेले नव्हते. परक्या मुलीने गावाला दोष दिला असे झाले, तर इथल्या दफ्तरखान्याचे दार आपल्याला बंद होईल, ही तिची भीती होती. प्रबंधाचे शेवटचे, तुलनेचे प्रकरण त्याच कागदांवर अवलंबून होते.

सभागृहात ती नेमके बोलली. इंग्लंडमध्ये फाशी देत, जाळणे अपवादाने. कबुलीसाठी छळ करणे तिथल्या कायद्यात बसत नसे, म्हणून नावांची साखळी सहसा लांबत नसे. जर्मन मुलखात छळाखाली एकीकडून दुसरीचे नाव वदवून घेत. तक्रार मात्र दोन्हीकडे बहुधा शेजाऱ्यांचीच असे. इथे भाषण संपायचे होते. पण तिने विचारले, “तुमच्या दगडावर जाळणारं कोणीच का नाही?”

अध्यक्ष, एक निवृत्त वकील, शांतपणे म्हणाले की ती माणसे केव्हाच मेली, आजच्या गावावर ठपका कशाला? मागून कोणीतरी “गेनाऊ” (अगदी बरोबर) म्हणाले. मुग्धाचा चेहरा उतरला.

तेव्हा बेकरीवाल्या बाई उठल्या. “न्याय द्यायला बसले होते त्यांच्यात माझ्या आडनावाचा माणूस होता. लिहा. माझे पाव उद्याही खपतील.”

लोक हसले. मग ओळ बदलायच्या बाजूने हात वर झाले. बहुमत थोडक्या मतांनी मिळाले. अध्यक्षांनी जुनी ओळ खोडली आणि जाताना मुग्धाला, दफ्तरखाना सकाळी उघडतो, एवढेच सांगितले.

परतीच्या गाडीत मुग्धाने नवी ओळ आधी जर्मनमध्ये म्हटली, मग मराठीत: ‘आमच्या गावाने त्यांना जाळले.’ दोन्ही भाषांत ‘जाळले’ हा शब्द शेवटी येतो. तिथवर पोहोचायला दोन्हींत आधी गावाचे नाव घ्यावे लागते.