गणपतीत बघितलेलं घर

मी रत्नागिरीतलं भाड्याचं घर गणपतीत बघितलं. परक्या माणसाने ही चूक केली असती तर समजून घेता आलं असतं. मी चिपळूणकडच्या गावातला. तीस वर्षं नोकरीसाठी डोंबिवलीत राहिलो आणि दर गणपतीला गावी येऊन, विसर्जन झालं की घराला कुलूप ठोकून परत जायचो. मला हे कळायला हवं होतं.

बायको गेल्यानंतर तीन वर्षं डोंबिवलीत काढली. मुलगा बंगळूरला. निवृत्तीनंतर ठरवलं, आता कोकणात जायचं, पण गावात नको, दवाखाना जवळ हवा. एजंटला मी एकच अट घातली होती. "पाणी कमी चालेल, पार्किंग नको, पण शेजार हवा."

"शेजार? चला, दाखवतो," म्हणाला.

चार मजल्यांची इमारत. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही इतक्या चपला. पहिल्या मजल्यावर आरती संपत होती, दुसऱ्यावर सुरू होत होती. कुणीतरी ओळख ना पाळख माझ्या हातावर खिरापत ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही नवीन का? जेवूनच जा." मी जेवलो. मोदक चार खाल्ले आणि हात धुता धुताच एजंटला सांगितलं, घर पक्कं.

करारनामा, पोलिसांचा कागद, सामान यात दोन आठवडे गेले. राहायला आलो तर जिन्यात एकही चप्पल नाही. वाटलं, माणसं कामावर गेली असतील. संध्याकाळी चहाची भांडी घासून ठेवली, कुणी आलंच तर. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रत्येक दाराच्या जाळीला मोठं कुलूप बघून मनात म्हटलं, सावध लोक आहेत. तिसऱ्या दिवशी मी रीतसर बेल वाजवत सुटलो. चौथ्या बेलेला खालून मिरकरवाड्याची मासेवाली ओरडली, "बेल कोणासाठी वाजवताय? आत कोण नाय!"

"कधी येतील?"

"शिमग्याला. नायतर मे महिन्यात. ही बिल्डिंग मुंबयकरांची. गावच्या घरांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा इथं फ्लॅट घेतले." मग मला खालपासून वर बघून म्हणाली, "गणपतीत घर बघितलंत ना?"

मी मान हलवली. तिने न विचारता दोनच बांगडे पाटीतून काढले.

आठ दिवसांत एजंट चाव्यांचा जुडगा घेऊन आला. "तुम्ही असताच, तर जरा बघाल?" मी बघायला लागलो. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, घराला वारा द्यायचा. दिवस ठरले. सोमवारी पहिला मजला, मंगळवारी दुसरा. निघताना प्रत्येक घरात पाच मिनिटं बसायचो. पुढे पाचाची पंधरा झाली. एका घरात खुर्ची चांगली होती, एकात भिंतीवरचे फोटो. तिसऱ्या मजल्यावर दोन्ही होतं, त्यामुळे तिथे मी पेपर घेऊनच जायचो.

मालकांचे फोन येत. "काका, टाकी भरते ना?" भरते म्हटलं की फोन संपला. मी लांबवायला बघायचो. "बाथरूमच्या मोरीवरचं झाकण लावलंय का, विचारलं नाहीत?" तेवढीच दोन वाक्यं जास्त.

डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच बाईंचा फोन आला. टाकी झाली, झाकण झालं, त्या ठेवणार एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, दाराच्या चौकटीला वाळवी लागलीय वाटतं."

"अगंबाई! फोटो पाठवा ना."

"फोटोत दिसत नाही. आतून आहे."

त्या रात्री पुन्हा फोन, दुसऱ्या दिवशी तीन. मी खूश. चौथ्या दिवशी कळलं, नवराबायको दोघं रजा टाकून शनिवारी येताहेत.

नको म्हणायला हवं होतं. मी मासेवालीकडे अख्खी सुरमई मागितली. "आज कोण?" तिने विचारलं. "शेजारी," मी ऐटीत सांगितलं.

शनिवारी सकाळपासून मी गॅलरीत रिक्षेची वाट बघत उभा होतो. आणि तिथे, आमटी गॅसवर ठेवून, मला आमच्या गावचे शेजारचे अण्णा आठवले. आमच्या घराची चावी त्यांच्याकडे असे. दर हिवाळ्यात त्यांचा निरोप यायचा, कौलं फुटलीत, येऊन बघा. एकदा खरंच गेलो. ते एसटीच्या थांब्यावर धुतलेला सदरा घालून उभे. वर चढून बघितलं तर एकही कौल फुटलेलं नव्हतं. "अण्णांना आता दिसत नाही," असं म्हणून मी आणि बायको परतीच्या गाडीत खूप हसलो होतो.

रिक्षा आली. नवऱ्याच्या हातात औषधाचा कॅन होता, पंपासकट. तासभर तो स्क्रूड्रायव्हरने चौकटी ठोकत होता. लाकूड असं खणखणत होतं की मलाच लाज वाटली. "कुठे दिसली होती, काका?" तो विचारी. मी बोट दाखवीन तिथे तो ठोके.

तेवढ्यात बाई खिडकीपाशी गेल्या. त्यांच्या चांगल्या खुर्चीत उशी दबलेली, शेजारी स्टुलावर महिन्याभराचे पेपर, आणि वर माझा चष्मा. दोन आठवडे शोधत होतो तो. त्यांनी तो पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "राहू दे रे, ठोकू नकोस."

दोघं माझ्याकडे जेवले. मी वाढत होतो, बोलत होतो, तीन महिन्यांचं एका पंगतीत बोलत होतो. नवरा भात कालवत होता.

निघताना रिक्षेत पाय ठेवून बाई वळल्या.

"काका, माणसं हवी होती तर सरळ 'या' म्हणायचं. दोघांच्या रजा वाया घालवल्यात, आणि आमटीत मीठसुद्धा नव्हतं."