एकटी विनाशिका

खेळाचं नवं खोकं उघडताना पुठ्ठ्याचा वास आला, की मला लष्कर भागातल्या हॉलमधली ती नौयुद्धाच्या खेळाची स्पर्धा आठवते. "हरलीस तर हा पोरखेळ बंद," असं बाबांनी बजावलं होतं. टेबलावर निळ्या चौकटींचा समुद्र पसरला होता आणि माझ्या ताफ्यातली एकच विनाशिका उरली होती. समोर बसलेले नौदलातले निवृत्त अधिकारी हसले, "बेटी, अब हार मान लो." "जहाज है अभी," मी म्हणाले आणि ती थेट त्यांच्या विमानवाहू जहाजावर घातली. फासे पडले, दोन्ही बुडाली. गुणांवर तेच जिंकले, पण त्यांचं हसू मावळलं होतं. परतताना टेम्पोत बाबांनी विचारलं, "पुढची स्पर्धा कधी आहे?" आता हा खेळ मीच मुलींना शिकवते, फक्त शरण कसं जायचं, तेवढं शिकवत नाही.