चिकटपट्टीखालच्या पाच रेघा

मंडळी, आज वरवंडच्या माझ्या दुकानात मी एका भल्या माणसाला उगाच तोडून बोललो. तवापासून जेवणावर मन नाही.

रशीदचाचांना डोळ्यांनी दिसत नाही, पण बाज विणावी तर त्यांनीच. आज आमची बाज विणून झाल्यावर मी त्यांना पाचशेची नोट दिली. जुन्या नोटा फाटू नयेत म्हणून दोन्ही कडांना चिकटपट्टी लावायची माझी सवय.

चाचांनी कडेवरून दोनदा बोट फिरवलं. "भाऊ, कितीची हाय ही?"

गिऱ्हाइकांसमोर मला ते झोंबलं. "पाचशेची. मी काय तुम्हाला फसवतोय व्हय?"

"तसं न्हाई, भाऊ. पट्टीखाली रेघा लागंनात," एवढंच म्हणून ते नोट घेऊन गेले.

मग मी गल्ल्यातली कोरी पाचशेची काढली, डोळे मिटले आन् कडेवर बोट फिरवलं. पाच उठावदार रेघा! न दिसणाऱ्याला नोट कितीची ते बोटानं कळावं म्हणून छापलेल्या. वीस वर्षं दुकान चालवतोय, मला पत्ताच नव्हता.

नोट बदलून द्यायला स्टँडवर पळालो, तर त्यांची दौंडची गाडी निघून गेलेली.

आता बाकीच्या नोटांत ती मिसळली की चाचांना कुणाला तरी विचारावंच लागणार, "ही कितीची?"

तो माणूस खरं सांगेल ना हो?