मधलं बोट

घरी कोण असतं, असं तोकिए कुरोसेला कुणी विचारलं, की ती मधलं बोट ताठ उभं करून वर उचलायची. विचारणारा कावराबावरा व्हायचा. खरं तर त्यात वावगं काहीच नव्हतं. जपानी बहिऱ्यांच्या भाषेत थोरला भाऊ असाच सांगतात, आणि तोकिएच्या घरात थोरल्या भावाशिवाय कुणी उरलंही नव्हतं.

दोघं जन्मापासून बहिरी. मित्सुगुने उभा जन्म जहाजांना रंग देण्यात घालवला. तोकिए ओनोमिची स्टेशनजवळच्या लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. परदेशी सिनेमे बघून शहाणी झालेली पोरं बसमध्ये तिचं ते बोट बघून फिदीफिदी हसायची. तेव्हा मित्सुगु हातांनीच म्हणायचा, "हसू दे गं. आई मला हीच शिवी देऊन जेवायला बोलवायची."

मग एका कंपनीने यंत्राला हातांची भाषा शिकवायचं काढलं. बहिऱ्यांच्या मंडळात काळा पडदा लागला, कॅमेरे मांडले गेले, आणि शिकवायला म्हणून तोकिएला बोलावणं आलं. तिला स्वर्ग दोन बोटं उरला. कंपनीची सेरा नावाची पोरगी कार्डावरचं वाक्य दाखवायची, तोकिए ते हातांनी करायची. ताप आलाय. पोट दुखतंय. माझा थोरला भाऊ आजारी आहे.

"काय मास्तरीणबाई, विद्यार्थी पास होणार का?" मित्सुगु रोज चिडवायचा.

"तुझ्यापेक्षा बरा आहे. सांगितलेलं ऐकतो तरी."

"ऐकतो?" त्याने कानामागे हात धरला. "मग तो आपल्यातला नाही."

पुढे ते यंत्र गावातल्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसलं. येणाऱ्यासमोर कॅमेरा आणि हिरवा दिवा, अक्षरांचा पडदा मात्र पलीकडच्या बाईकडे तोंड करून. खिडकीला दोरीने बांधलेली वही आणि पेन होतं, ते आता कशाला, म्हणून काढून टाकलं. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे.

एका सकाळी मित्सुगु छाती चोळत बसला. "गॅस झालाय."

"ॲम्ब्युलन्स बोलावते."

"आणि पायऱ्यांवरून मला गाठोड्यासारखं खाली नेतील, अख्खी गल्ली बघेल. बसने जाऊ."

बस इस्पितळाच्या चढाखाली थांबते. तिथल्या बाकावर तो घामाघूम होऊन टेकला. खिशातून हस्साकू काढलं, त्यांच्याकडचं ते कडवट संत्रं, पण सोलायची ताकद नव्हती. "तू जा. चाकाची खुर्ची आण. मी काय पळून जातोय?"

तोकिए चढ धावत गेली आणि यंत्रासमोर उभी राहिली. दादाच्या छातीत दुखतंय, खाली बसस्टॉपवर आहे, चालवत नाही, लवकर चला. हिरवा दिवा लागला. आपल्याच विद्यार्थ्याला सांगतोय म्हणून तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

पलीकडे पडद्यावर उमटलं, 'छातीत दुखतंय. खाली बसस्टॉप. चालवत नाही. लवकर.' दादा कुठेच नव्हता. आणि कुणाच्या, ते सांगितलं नाही की सांगणाऱ्याच्याच, असंच कुणीही धरणार.

माणसं खरंच धावली. चाकाची खुर्ची आली आणि तिच्यात तोकिएलाच बसवलं. ती दाराकडे हात करत होती, पण सगळे पडद्याकडे बघत होते. "शांत व्हा हं आजी," म्हणत नर्सने मायेने तिचा हात धरला आणि दंडाला पट्टा गुंडाळला. बहिऱ्याचा हात धरणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं, हे त्या बिचारीला कोण सांगणार? तोकिएने मोकळ्या हाताचं मधलं बोट तिच्या तोंडासमोर उभं केलं. पुन्हा केलं. पुन्हा केलं. नर्स लाल झाली, पण तिने पट्टा सोडला नाही. घाबरलेली माणसं शिव्या देतात, एवढं तिला माहीत होतं.

शेवटी तोकिएने नर्सच्या खिशातलं पेन ओढून काढलं, पट्टा हिसडला आणि तळहातावर एकच अक्षर लिहिलं, जपानीत अख्खा शब्द मावतो तसलं. थोरला भाऊ. खाली दाराकडे बोट दाखवलं. आता सगळ्यांना कळलं.

मित्सुगु बाकावर कलंडला होता. हस्साकू घरंगळत गटारापाशी गेलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, आणि मग तळहातावरचं ते अक्षर बघून वहीवर लिहून दिलं, "जरा आधी आणायला हवं होतं."

"आणलं होतं," तोकिएच्या हातांनी सांगितलं. तिथे कुणालाही ते कळलं नाही.

दिवस झाल्यावर सेरा घरी आली. चटईला कपाळ टेकून तिने मोडक्यातोडक्या हातांनी सांगितलं. यंत्राला द्यायच्या आधी चित्रफिती एका चाळणीतून जातात. चाळणी परदेशातली, अश्लील ते बाजूला काढणारी. ते बोट असलेली प्रत्येक फीत त्या चाळणीने फेकून दिली.

"आणि फेकलेलं कुणी बघितलं नाही?"

"नाही. कुणीच नाही." सेरा रडत होती. "पुन्हा शिकवायला हवं. याल का?"

तोकिएच्या मनात आलं, हिला इस्पितळाच्या त्याच चढावरून ढकलून द्यावं. पण मंडळात अजून किती तरी जणींचे दादा जिवंत होते. ती गेली.

तोच काळा पडदा होता. सेराने कार्ड धरलं, 'माझा थोरला भाऊ बाहेर बसला आहे.' तोकिएने बोट उभं केलं. हिरवा दिवा लागला, आणि या वेळी पडद्यावर अख्खं वाक्य उमटलं, दादासकट.

"बरोबर आहे," सेरा चाचरत म्हणाली. "पण चेहरा जरा साधा ठेवाल का? यंत्र गोंधळतं. आणखी एकदा."

तोकिएने डोळे पुसले, चेहरा साधा केला आणि दादाला पुन्हा बाहेर बसवलं.