झेंडू वाहिलेली पेटी

आमच्या केडगावच्या तरणतलावाचं पाणी एक काका राखतात. क्लोरीन किती टाकायचं हे ते नाकाने ठरवतात. काठावर उभे राहून मोठा श्वास घेतात आणि म्हणतात, "अजून एक मगभर बसतंय." पाणी तपासायची पेटी कपाटात आहे. दसऱ्याला ते तिला झेंडू वाहतात. एरवी उघडून तिला त्रास देत नाहीत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यातून विषय रसायनशास्त्र. एकदा लाल डोळ्यांनी, चाचरत विचारलं, "काका, पीएच बघायचा का?"

"डोळं चुरचुरत्यात ना? मंग पानी काम करतंय. लई शिकला तू, आधी पवायला शीक."

या उन्हाळ्यात त्यांची नात पहिल्यांदाच पोहायला आली. ती पायरीवर पाय ठेवणार तोच काका ओरडले, "थांब गं बाय!" कपाटाकडे धावले. सुकलेला झेंडू बाजूला करून पेटी उघडली, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि रंग उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिला.

"आज न्हाई उतरायचं," ते नातीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "तू उतर की. तुला सवय हाय."

आता कपडे बदलण्याआधी मी रोज एवढंच विचारतो, "काका, आज नात उतरणार आहे का?"