तीन म्हणायच्या आधी

ऑफिसात तिला सगळे 'आवरा' म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे आवरा. कुणाच्या टेबलावर वायरींचा गुंता दिसला की हिचे हात शिवशिवायचे. घरी मात्र हिच्या कपाटाचं दार उघडणाऱ्यानं आधी स्वतः बाजूला सरकायचं आणि मग कडी काढायची. आई म्हणायची, "पगार दिल्याशिवाय हिला आवरता येत नाही."

काम होतं बोलक्या डब्यांचं. आजारपणात ज्यांचा आवाज गेला त्यांनी बटणांवर शब्द टिपायचे, डब्यानं ते मोठ्यानं बोलायचे. डब्यातल्या चिपचा क्लॉक ड्रायव्हर हिच्याकडे. चिपमधला आवाज, पडदा, बटणं, सगळं आपापल्या ठोक्यावर चालतं. कुणाला ठोका द्यायचा आणि कुणाचा थांबवायचा, हे बघणारा तो प्रोग्राम. शिवाय प्रत्येक भागाला एकेक रिसेटचा खटका. तो दाबला की तो भाग मागचं सगळं विसरून, तोंड धुतल्यासारखा पहिल्यापासून उभा राहतो. हे खटके ठोक्यांच्या शेजारीच, म्हणून तेही याच ड्रायव्हरच्या गळ्यात. पण कुठला खटका कुठल्या भागाचा, ही माहिती आधीच्या लोकांनी जागा मिळेल तिथं कोंबलेली. एक आकडा इथं, दुसरा पार खाली, तिसरा कुणाच्या तरी डोक्यात, आणि ते डोकं नोकरी सोडून गेलेलं.

"हे सगळं एका तक्त्यात आणते," ती साहेबांना म्हणायची.

"डबा बोलतोय ना?" साहेबांचा एक पाय कायम दाराबाहेर.

"बोलतोय."

"मग त्याला बोलू द्या, आणि मला जाऊ द्या."

तिचे बाबा म्हणजे भाजीबाजारात उभा जन्म लिलाव पुकारलेला माणूस. घरात साधं पाणी मागितलं तरी शेजारचा तांब्या घेऊन धावेल असा आवाज. गळ्याच्या ऑपरेशनात तो आवाज गेला. लेकीनं डबा आणून हातात ठेवला, तेव्हा बाबांनी पहिलं वाक्य टिपलं, "तुझ्या आईला भाजीतलं काही कळत नाही." आई हसता हसता खालीच बसली.

पण डबा मधेच मुका व्हायला लागला. बंद करून चालू केला की पुन्हा बोले. पण भांडणात एवढा वेळ कोण थांबतं? आधी आई खूश होती. "तुझ्या डब्याला माझी बाजू कळते बघ." मग जिंकून जिंकून तिला कंटाळा आला. एके दिवशी बाबांनी डबा कपाटात टॉवेलांखाली सारला आणि हातवाऱ्यांवर आले. पुढे हातही थांबले. उरली नुसती मान.

"सगळ्याला हो," आई फोनवर म्हणाली. "मी म्हटलं घर विकून टाकू या, तरी हलवली मान. असला माणूस मला नको गं. माझा भांडणारा मला आणून दे."

आवरानं आईबाबांकडून डबा आणून ऑफिसात नेला. दिवसभर त्याच्याशी अखंड गप्पा मारल्या, शिव्या घातल्या, गाणी म्हणवून घेतली. पठ्ठ्या एकदाही अडला नाही.

"डबा ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "वडिलांना म्हणावं, बटणं नीट दाबा."

सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन आईबाबांच्या घरी गेली. आई कान तुटलेला एक जुना कप फेकायला निघाली होती. बाबांचा चहा वर्षानुवर्षं त्याच कपातून. लेकीला खोडी सुचली. "आई, फेकायचा कशाला? लिलाव करू. बाबा, पुकारा."

बाबांनी डब्याकडे रागानं पाहिलं. पण लिलाव म्हटल्यावर बोटं गप्प बसतात होय? आईनं कप फेकण्यासाठी बोली लावली, एका सकाळचा चहा मी करीन. लेकीनं तो ठेवण्यासाठी बोली चढवली. आई हट्टाला पेटली. "जा, आठवडाभर!"

"एक," डबा बोलला. "दोन."

आणि बाबा थांबले. मान वर, भुवया ताणलेल्या, डोळे एकीवरून दुसरीवर. बाजारात याच थांबण्यावर भाव चढायचे. आई ओट्याला धरून उभी. मग बाबांनी बटण दाबलं.

डबा मुका.

बाबांचे ओठ 'तीन' म्हणाले. आवाज कुठूनच आला नाही. त्यांनी डबा हळूच पालथा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आईनं कप फळीवर ठेवला. "तीन झालं नाही," ती पुटपुटली. "माल कुणाचाच नाही." आणि तो तिनं फेकलाही नाही.

थांबणं! थोडा वेळ बोट लागलं नाही की बॅटरी वाचवायला बटणं झोपतात, हे लेकीला ठाऊक होतं. बोट लागलं की ड्रायव्हर त्यांना रिसेटचा खटका देऊन उठवतो. दुसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता तक्ता मांडायला बसली. एका ओळीत एक भाग: नाव, खटक्यांची कुठली पट्टी, पट्टीवरचा कितवा खटका. इथला आकडा उचल, तिथला उचल, चिपच्या माहितीपत्रकाशी ताडून बघ, ओळीत बसव. विखुरलेले होते तोवर सगळेच आकडे शहाणे दिसत होते. ओळीत उभे राहिल्यावर दोन वेगळी नावं एकाच खटक्यावर बोट ठेवून उभी सापडली. बटणं आणि आवाज. कुणीतरी आवाजाची ओळ बटणांसाठी उतरवून घेतली होती आणि आकडा बदलायचा राहिला होता. बटणं उठवायला गेलं की धक्का आवाजाला. तो बिचारा सगळं विसरून उभा, आणि त्याला पुन्हा कामाला लावायला कुणीच नाही.

साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी टेबलावरचा एक डबा घेतला, "नमस्कार" टिपलं आणि थांबले. जन्मात पहिल्यांदाच थांबले असावेत. पाय हलत होता, जीभ ओठांवर फिरत होती. बटणांखालचा उजेड विझला. मग त्यांनी पुन्हा टिपलं. डबा गप्प.

"मी कधी थांबलोच नाही हो," साहेब म्हणाले. "बदला तो आकडा."

"आणि तक्ता?"

"राहू द्या. त्याच्यामुळेच दिसलं ना?" खुर्ची ओढून ते चक्क बसले. "वडिलांना माझा नमस्कार सांगा."

संध्याकाळी आईबाबांकडे जाऊन तिनं सुधारलेला डबा बाबांसमोर ठेवला. बाबांनी मान हलवली, नको. आईनं फळीवरून कप काढला आणि टेबलावर आपटला. "अहो, माझा माल अडकलाय. आठवडाभरावर बोली आहे. पुकारा."

"एक." डबा बोलला. "दोन."

बाबा थांबले. बटणांखालचा उजेड विझला. लेक डब्यावर वाकली. बाबांचं बोट हवेतच.

"अहो, बोला की!"

बाबांनी भुवई उडवली. अजून थांबले. आता ते मुद्दाम थांबत होते, आणि आईला ते पक्कं कळत होतं.

"काय माणूस आहे! बरं, दोन आठवडे! आता तरी बोला!"

बोट टेकलं.

"तीन," डबा बोलला. आणि पाठोपाठ, "माल उचला, बाई. भावात चुकलात."

"माझा माल आहे. त्याचं काय करायचं ते मी बघीन," आई म्हणाली. नाक ओढत तिनं कप विसळला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं.